भिंत, छप्पर आणि नियम : भूकंपांनी शिकवलेली घरबांधणी

नोकरी-व्यवसायानिमित्त महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेला मराठी माणूस आयुष्यात एकदा तरी घर बांधतोच. कुणी इंदूर-बडोद्याला बांधतो, कुणी हैदराबाद-बंगळूरला, तर कुणी निवृत्तीनंतर गावी परतण्याच्या ओढीने वडिलोपार्जित जागेवर. या निमित्ताने घरात जी चर्चा झडते तिचे विषय ठरलेले असतात. स्वयंपाकघर कोणत्या दिशेला, देवघर कोठे, फरशी कोणती, दर्शनी भिंतीला दगड लावावा की नुसता रंग द्यावा. चारही भिंती एकमेकींना कशाने बांधल्या आहेत, छपराचे वजन किती व ते कोणी पेलायचे, खालची जमीन कोणत्या जातीची, हे प्रश्न बहुधा गवंड्यावर सोपवले जातात. गवंडी ते आपल्या सवयीवर सोपवतो.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे प्रश्न इतके सहज सोपवता येत नाहीत. आपत्तीनंतर पंचनामे होतात. त्यांत ‘घर पूर्णतः पडले’ किंवा ‘अंशतः पडले’ एवढे लिहायचे असते. ते का पडले, यासाठी रकाना नसतो. त्यामुळे मदत वाटून होते, नवी घरे उभी राहतात आणि पुष्कळदा जुन्या चुकांसह उभी राहतात. गेल्या सव्वाशे वर्षांतील मोठ्या भूकंपांनी मात्र हा रिकामा रकाना वेळोवेळी भरून दिला आहे. त्यातील काही नोंदी एकत्र वाचल्या, तर घर बांधणाऱ्याला आणि नियम करणाऱ्याला, दोघांनाही उपयोगी पडेल असा एक इतिहास हाती लागतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

१. शिलाँग, १८९७ : हलके घर

१२ जून १८९७ रोजी सायंकाळी आसाममध्ये झालेला भूकंप हा जगातील नोंदलेल्या मोठ्या भूकंपांपैकी एक होय. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा जो अहवाल लिहिला, तो १८९९ साली प्रसिद्ध झाला आणि भूकंपशास्त्रातील मूलभूत ग्रंथांत गणला गेला. शास्त्रज्ञांना त्यातून पृथ्वीच्या अंतरंगाविषयी धागेदोरे मिळाले. प्रशासकांना मिळालेला धडा साधा होता. शिलाँगमधील दगडी इमारती ढासळल्या होत्या, तर लाकडी चौकटीच्या हलक्या बांधकामांनी तुलनेने बराच तग धरला होता.

तत्कालीन राज्यकर्त्यांना दगडी इमारतीचे आकर्षण कमी नव्हते. सत्ता टिकाऊ आहे हे दगडातून सांगता येते. तरीही १८९७ नंतर आसामात सरकारी बंगले, शाळा, कचेऱ्या, रेल्वेची व चहामळ्यांची निवासस्थाने यांसाठी जी पद्धत रूढ झाली ती लाकडी चौकटीची. खाली कमरेइतकी विटांची किंवा दगडाची भिंत, तिच्यावर लाकडाच्या चौकटी, चौकटींत ‘इकरा’ नावाच्या बोरूसारख्या गवताचे कूड, त्यावर दोन्ही बाजूंनी मातीचा वा चुन्याचा गिलावा आणि वर उतरते पत्र्याचे छप्पर. हेच ते ‘आसाम टाइप’ घर. मुळात ही स्थानिक लोकांचीच विद्या. सरकारने ती उचलली, नीटनेटकी केली आणि स्वतःच्या इमारतींना लावली.

अशा बंगल्यांत राहण्याचा योग मला आला आहे. पावसाळ्यात पत्र्यावर इतका आवाज होतो की शेजारच्या खोलीतील बोलणे ऐकू येत नाही. भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी लाकूड कोठे आहे ते चाचपावे लागते. उन्हाळ्यात वरून उष्मा उतरतो. सोयीच्या कसोटीवर हे घर पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणार नाही. पण जमीन हादरू लागली की ते वाकते, करकरते आणि पुन्हा सरळ होते. जे काही अंगावर पडेल ते हलके असते. भूकंपाचा जोर हा घराच्या वजनाच्या प्रमाणात घरावर येतो, हा नियम आज अभियांत्रिकीच्या पहिल्या पाठात शिकवतात. आसामातील सुतारांना तो सूत्राशिवाय ठाऊक होता.

येथे प्रशासनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हा बदल फतवा काढून झाला नाही. साहेबाचा बंगला, पोस्ट ऑफिस आणि शाळा अशी बांधली गेली, म्हणून मध्यमवर्गाने आपली घरे तशी बांधली. सरकार स्वतः जे बांधते ते लोक पाहत असतात. पुढे सरकारी इमारती सिमेंट-काँक्रीटच्या होऊ लागल्या, तेव्हा लोकांनी तेही पाहिले. १८ सप्टेंबर २०११ च्या सिक्कीम भूकंपात इकराच्या जुन्या घरांनी चांगला टिकाव धरला आणि उतारावर घाईने उभारलेल्या काँक्रीटच्या अनेक इमारतींना गंभीर तडे गेले. तोवर इकराचे घर हे गरिबीचे लक्षण मानले जाऊ लागले होते.

२. बिहार, १९३४ : पायाखालची जमीन

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी उत्तर बिहार व नेपाळ हादरले. मुंगेर व मुझफ्फरपूर ही शहरे उद्ध्वस्त झाली. या भूकंपाचे स्मरण आपल्याकडे प्रामुख्याने गांधीजी आणि रवींद्रनाथ यांच्यातील मतभेदामुळे राहिले आहे. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा, असे गांधीजी म्हणाले आणि निसर्गाच्या घटनेला नैतिक कारण जोडण्यास रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली. त्या वादाच्या झोतात एक दुसरी गोष्ट झाकोळली. सीतामढी, मधुबनी, मोतिहारी या पट्ट्यात पुष्कळ घरे कोसळण्यापेक्षा खचली. जमिनीतून वाळूमिश्रित पाण्याचे झरे उसळले, विहिरी वाळूने भरल्या आणि चांगली बांधलेली घरेही कलली किंवा जमिनीत रुतली. पाण्याने संपृक्त असलेली बारीक वाळू हादऱ्याने काही क्षण द्रवासारखी वागते, हे आज आपल्याला माहीत आहे.

घर बांधणाऱ्याने याचा अर्थ लक्षात घ्यावा. घर जितके भिंतींचे असते तितकेच ते जमिनीचेही असते. नदीकाठची भरावाची जागा, बुजवलेले तळे, जुनी खाण भरून पाडलेला भूखंड हे स्वस्त मिळतात आणि विक्रेता त्यांचा पूर्वेतिहास सांगत नाही. आपल्याकडील काळ्या मातीचा दोष निराळा. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे भूकंपाशिवायही घर तडकते. गावातील वृद्धाला त्या जागेवर पूर्वी काय होते हे विचारणे आणि माती तपासून घेणे, या दोन्ही गोष्टी फरशी निवडण्याच्या कितीतरी आधीच्या आहेत.

३. क्वेट्टा, १९३५ : पहिला नियम

३१ मे १९३५ च्या पहाटे बलुचिस्तानातील क्वेट्टा शहर झोपेतच नष्ट झाले. मृतांचे अंदाज तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत दिले जातात. क्वेट्टा आज पाकिस्तानात आहे, परंतु भारतीय बांधकाम नियमांचा इतिहास त्याला वगळून लिहिता येत नाही.

चार वर्षांपूर्वी, १९३१ साली, त्याच प्रदेशात माच येथे भूकंप झाला होता. त्यानंतर एस. एल. कुमार नावाच्या रेल्वेच्या तरुण अभियंत्याकडे नव्या निवासस्थानांचे काम आले. कुमार यांनी भूकंपाचा धक्का आडवा येतो असे धरून आराखडे केले, जुन्या लोहमार्गाचे रूळ खांबांसारखे वापरून विटांच्या भिंतींना चौकट दिली आणि १९३३ साली आपले विवेचन प्रसिद्ध केले. त्यात भारताचा भूकंपप्रवणतेचा एक नकाशाही होता. १९३५ साली आसपासचे शहर जमीनदोस्त झाले तेव्हा रेल्वेची ही नवी घरे उभी राहिली. एका कनिष्ठ अधिकाऱ्याने वेळीच केलेल्या कामाची इतकी स्वच्छ परीक्षा इतिहासात क्वचितच झाली असेल.

क्वेट्टाच्या पुनर्बांधणीत लष्करी अभियंत्यांनी हीच दिशा पुढे नेली. जोते, दाराखिडक्यांचा माथा आणि छपराखालची पातळी अशा ठिकाणी संपूर्ण घराभोवती सलग फिरणारा सळयायुक्त काँक्रीटचा पट्टा आणि विटांच्या रचनेतच पोकळ्या ठेवून त्यांत उभ्या सळया घालण्याची पद्धत तेथे विकसित झाली. ती ‘क्वेट्टा बाँड’ या नावाने ओळखली जाते. १९३७ साली क्वेट्टा नगरपालिकेसाठी बांधकाम नियमावली झाली. आपल्या उपखंडातील भूकंपविषयक बांधकाम कायद्याची ही सुरुवात.

पट्ट्याचे तत्त्व समजायला अभियंता असण्याची आवश्यकता नाही. पुठ्ठ्याचे झाकण नसलेले खोके हलवले तर त्याच्या बाजू सुट्या-सुट्या डोलतात आणि कोपरे फाटतात. त्याभोवती दोरी आवळून बांधली की चारही बाजू एकत्र हलतात. घराचा पट्टा म्हणजे ती दोरी. ती कोठेही तुटता कामा नये. जिना मध्ये आला, मोठी खिडकी आली किंवा सळई कमी पडली म्हणून पट्टा एके ठिकाणी थांबवला, तर तो बांधलाच नाही असे समजावे.

४. नकाशावरील शून्य

स्वातंत्र्यानंतर या ज्ञानाला संस्थेचे रूप आले. डॉ. जयकृष्ण यांच्या पुढाकाराने १९६० साली रुडकी येथे भूकंप अभियांत्रिकीचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले. १९६२ साली आयएस १८९३ हे भारतीय मानक आले आणि १९६७ साली इमारतींच्या बांधणीविषयीचे आयएस ४३२६ आले. पहिल्या नकाशात शून्य ते सहा असे सात विभाग होते आणि दख्खनच्या पठाराचा मोठा भाग भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक मानला गेला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि हा विश्वास डळमळला. १९७० च्या आवृत्तीत शून्य विभाग काढून टाकण्यात आला.

तरीही मराठवाड्याचा बराच भाग त्यानंतर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात राहिला. नकाशा हा त्या दिवसापर्यंतच्या माहितीचा सारांश असतो, त्याला भविष्याची हमी समजण्याची चूक आपण सर्वच करतो. शिवाय मानक म्हणजे कायदा नव्हे. भारतीय मानक ब्यूरोने लिहिलेली शिफारस राज्य शासनाने अथवा नगरपालिकेने आपल्या उपविधीत घेतली तरच ती बंधनकारक होते. ग्रामीण भागात तर घर बांधायला आराखड्याची मंजुरी घेण्याचीच रीत नव्हती. दिल्लीत छापलेली पुस्तिका आणि औसा तालुक्यातला गवंडी यांच्यामध्ये जोडणारा दुवाच नव्हता.

५. किल्लारी, १९९३ : जाड भिंतीचा भ्रम

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असताना जो धक्का बसला तो जागतिक मापाने फार मोठा नव्हता, साधारण ६.२ तीव्रतेचा. पण लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. जगात याहून मोठे भूकंप अत्यल्प जीवितहानी करून गेलेले आहेत. तेव्हा प्रश्न भूकंपाचा जितका होता तितकाच घरांचा होता.

ते घर कसे होते हे नीट पाहिले पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकांचे आजोळ तसेच होते. दोन ते अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती. बाहेरून भक्कम दिसणारी ही भिंत प्रत्यक्षात दोन भिंती असत. बाहेरचा दगडी थर, आतला दगडी थर आणि मधल्या पोकळीत माती व दगडांचे तुकडे. दोन्ही थरांना आरपार जाऊन बांधून ठेवणारे लांब दगड बहुधा नसतच. चिखलात रचलेले गोल, न घडवलेले दगड हादऱ्याने सुटे होत आणि आतला थर आत, बाहेरचा बाहेर असे दोन्ही थर फुगून कोसळत. वर माळवद. लाकडी तुळया व फळ्यांवर एक ते दोन फूट मातीचा थर. गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती पसरली जाई आणि पिढ्यान्‌पिढ्या छप्पर जड होत जाई. घराची निगा राखण्याचे कर्तव्य जो जितक्या निष्ठेने करी, त्याच्या डोक्यावरचे ओझे तितके वाढे.

या रचनेमागे अडाणीपणा नव्हता. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अशा घरात दुपारी गारवा असतो. लाकूड दुर्मीळ, दगड मुबलक आणि जाड भिंत ही प्रतिष्ठेची व चोराचिलटांपासूनच्या संरक्षणाची खूण. उष्णता, खर्च आणि सुरक्षितता या तिन्ही प्रश्नांना त्या घराने उत्तर दिले होते. जो प्रश्न तीनशे वर्षांत कोणी विचारला नाही त्याचेच उत्तर त्याच्याकडे नव्हते. गावकुसाबाहेर कुडाच्या आणि गवती छपराच्या झोपड्यांत राहणारे पुष्कळ लोक वाचले. ज्यांना वाड्यातील खोली कधी मिळाली नाही त्यांना त्या पहाटे त्या वंचनेनेच जीवदान दिले.

आणखी एक निरीक्षण अभियंत्यांनी नोंदवले आहे. जुन्या घरांत माळवद पेलायला लाकडी खांबांची चौकट असे. घराचे माप आपण ‘खणां’त मोजतो ते त्यावरूनच. अनेक ठिकाणी भिंती पडल्या, पण खांब आणि वरचे माळवद जागेवर राहिले. म्हणजे मारले ते प्रामुख्याने भिंतींनी. चौकट चांगली होती, भिंत वाईट होती. भूकंपानंतर मात्र लोकांच्या मनात दगड आणि माती या दोन्ही वस्तूंविषयीच भय बसले. ते समजण्यासारखे होते. त्यातून एक चुकीचा निष्कर्ष मात्र रुजला, की सिमेंट म्हणजे सुरक्षितता. योगायोग असा की दगड-चिखलाच्या भिंती सुरक्षित कशा बांधाव्यात हे सांगणारे आयएस १३८२८ हे मानक १९९३ सालचेच आहे. आरपार जाणारा दगड दर दोन फूट उंचीला आणि आडवे अंतर चार फुटांहून अधिक न ठेवता बसवावा, असे ते सांगते. म्हणजे गरज होती ती थोड्या लांब दगडांची आणि एका सलग पट्ट्याची.

पुनर्वसनाचे काम प्रचंड होते. बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने विस्तृत क्षेत्रात दुरुस्ती व बळकटीकरणाचा कार्यक्रम राबवला गेला. त्यात लाखांनी घरे होती. नव्या गावांत जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली. भूकंपाला टिकणारी घरे देण्याचे काम झाले, यात शंका नाही. पण या वसाहती पाहताना मला जाणवले ते असे, की घर टिकणे आणि घर राहते होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या गावात घरे एकमेकांना खेटून, मध्ये चौक, पुढे ओसरी, बाजूला गोठा. नव्या गावात रुंद सरळ रस्ते, विखुरलेले भूखंड आणि मधोमध चौकोनी घर. कडबा कोठे ठेवायचा, जनावर कोठे बांधायचे, वेगळे झालेल्या मुलाची चूल कोठे मांडायची, याचा विचार आराखड्यात कमी पडला. मग लोकांनी स्वतःच खोल्या जोडल्या. त्या जोडलेल्या भिंतींत पट्टा असेलच याची खात्री कोण देणार? मूळ घरात सुरक्षितता होती, पण ती कशामुळे होती हे घरात राहणाऱ्याला कोणी सांगितले नव्हते.

याच्या उलट अनुभव दुरुस्ती कार्यक्रमाचा. तेथे मालकाने स्वतःच्या घराचे काम स्वतः करून घ्यायचे होते. पैसा त्याच्या हाती आणि तांत्रिक मार्गदर्शन शासनाचे. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने गावोगावी स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. आरपार दगड म्हणजे काय, पट्टा कशासाठी, हप्ता केव्हा मिळतो, हे त्या घरोघर जाऊन समजावत. रुडकीची विद्या आणि गावातील गवंडी यांच्यातील तुटलेला दुवा अखेर या स्त्रियांनी जोडला.

६. कच्छ आणि अहमदाबाद, २००१ : नियमाने घडवलेला दोष

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास गुजरात हादरला. शासकीय आकड्यांनुसार १३,८०० च्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत निघालेली शाळकरी मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली. घर हे केवळ आत राहणाऱ्याची जबाबदारी नसते, रस्त्यावरून जाणाऱ्याचीही असते, याहून वेगळा पुरावा नको.

कच्छमधील दगडी घरांची कथा किल्लारीचीच. मात्र बन्नीच्या प्रदेशातील ‘भुंगा’ नावाच्या गोल, मातीच्या भिंतींच्या आणि शंकूसारख्या हलक्या छपराच्या घरांनी उत्तम टिकाव धरला. गोल भिंतीला फाटायला कोपराच नसतो.

प्रशासनाच्या विद्यार्थ्याने बारकाईने अभ्यासावे असे प्रकरण अहमदाबादचे आहे. भूकंपकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या या शहरात सुमारे सत्तर बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक लोक मेले. त्या सिमेंट-काँक्रीटच्या होत्या व बहुतेक नव्या होत्या. वरचे मजले भिंतींनी भरलेले आणि तळमजला मोटारींसाठी मोकळा, नुसत्या बारीक कॉलमांवर उभा, असा त्यांचा सर्वसाधारण नमुना होता. हादऱ्यात वरचा जड ठोकळा जवळजवळ जसाच्या तसा राहतो आणि सगळा ताण मोकळ्या मजल्याच्या कॉलमांवर येतो. ते मोडले की इमारत बसते.

हा मोकळा मजला वास्तुरचनाकाराच्या लहरीतून आला नव्हता. पार्किंगचा मजला चटईक्षेत्रात धरला जात नव्हता, म्हणून तो मोकळा ठेवणे फायद्याचे होते. तळमजल्यापेक्षा वरचे मजले बाहेर काढण्याची मुभा होती. म्हणून वरच्या मजल्यांचे बाहेरचे कॉलम थेट जमिनीपर्यंत न येता तुळयांच्या टोकांवर उभे राहिले. नियम मोटारींसाठी आणि हवा-उजेडासाठी केला होता आणि त्यात दुष्ट हेतू नव्हता. पण प्रत्येक सवलत ही एक आकृती घडवते, आणि ती आकृती हादरल्यावर कशी वागेल हा प्रश्न नियम लिहिणाऱ्याच्या टेबलावर कधी आला नाही. वेगवेगळी खाती आपापला नियम प्रामाणिकपणे पाळतात आणि सर्वांच्या प्रामाणिकपणाची बेरीज धोकादायक होते. शासनव्यवहारात हे वारंवार घडते.

पुनर्बांधणीत गुजरातने किल्लारीपासून शिकण्यासारखे ते घेतले. आरंभी गावे हलवण्याचा विचार होता. बहुसंख्य ग्रामस्थांनी त्याला नकार दिला आणि शासनाने तो मानला. घर मालकाने बांधायचे, अनुदान हप्त्याहप्त्याने थेट त्याच्या बँक खात्यात आणि पुढचा हप्ता अभियंत्याने काम तपासल्यावरच. सुमारे दोन लाख घरे नव्याने उभी राहिली आणि नऊ लाखांहून अधिक दुरुस्त झाली. गवंड्यांना प्रशिक्षण दिले गेले. जो पट्टा पुस्तकात तीस वर्षे पडून होता तो हप्त्याची अट झाल्याबरोबर भिंतीत आला. उपदेशापेक्षा हप्ता प्रभावी ठरतो, ही गोष्ट कटू असली तरी खरी आहे.

७. घर बांधणाऱ्यासाठी

या इतिहासाचे सार घर बांधू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात मांडतो.

घराचा नकाशा साधा ठेवावा. चौरस किंवा बेताचा आयत. इंग्रजी ‘एल’ किंवा ‘टी’ आकाराचे घर हवेच असेल तर त्याचे भाग अंतर ठेवून वेगळे बांधावेत. भिंतींवर भार असलेल्या घरात दार किंवा खिडकी कोपऱ्याला चिकटून घेऊ नये, कारण भिंती एकमेकींना धरतात त्या कोपऱ्यातच. लांबलचक भिंतीला मध्ये आडव्या भिंतीचा आधार हवा.

जोते, लिंटेल आणि छपराच्या पातळीवरील पट्टा सलग असावा. केवळ खिडकीवर तुकडा टाकणे म्हणजे पट्टा नव्हे.

काँक्रीटच्या चौकटीचे घर असेल तर कॉलमची जाडी भिंतीत लपावी म्हणून कमी करू नये. कॉलममधील रिंगा तुळईच्या सांध्यापाशी जवळजवळ असाव्यात आणि त्यांची टोके काटकोनात न सोडता आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवलेली असावीत. अहमदाबादेतील मोडलेल्या कॉलमांत हाच दोष वारंवार दिसला. तळमजला मोटारीसाठी मोकळा सोडायचा असेल तर त्याची रचना अभियंत्याकडून स्वतंत्रपणे करून घ्यावी. हे घर दोनतीन मजली असले तरी लागू आहे.

वर ओझे वाढवू नये. गच्चीवर नंतर बांधलेली खोली, बागेची माती, पाण्याच्या जादा टाक्या आणि जड विटांचे उंच कठडे म्हणजे आधुनिक माळवदच. वडिलांच्या एकमजली घरावर मुलाने दुसरा मजला चढवताना खालच्या पायाला आणि भिंतींना विचारले पाहिजे.

दोनतीन मजल्यांच्या घरासाठी, भिंती आधी बांधून त्यांच्या दंतुर कडांमध्ये नंतर कॉलम ओतण्याची ‘बंदिस्त वीटकाम’ पद्धत अभियंत्यापुढे जरूर काढावी. गांधीनगर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने आपली वसतिगृहे व निवासस्थाने या पद्धतीने बांधली आहेत. आपला गवंडी नेहमी आधी कॉलम ओततो व नंतर वीट भरतो. येथे फक्त क्रम उलटा आहे, पण त्यामुळे भिंत आणि चौकट एकजीव होतात.

या कशालाही एकूण खर्चाच्या मानाने फार पैसा लागत नाही. लागते ते लक्ष, आणि तेही गिलावा होण्यापूर्वी. परगावी राहून गावी घर बांधणाऱ्याची खरी अडचण येथे आहे. तो वास्तुशांतीला येतो, फार तर स्लॅब पडण्याच्या दिवशी पेढे घेऊन येतो. तोपर्यंत कॉलमच्या रिंगा काँक्रीटखाली आणि पट्ट्याच्या सळया भिंतीत गडप झालेल्या असतात. रजा एकदाच मिळणार असेल तर ती कॉलमचे सेंट्रिंग लागण्याच्या आदल्या दिवशी घ्यावी. ठेकेदाराला नमस्कार करून हातात टेप घ्यावी आणि रिंगा मोजाव्यात.